प्रेक्षकांविना सामना, मंडपाविना वर्गणी

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेची पत्रिका वाटल्यापासून आम्हा कार्यकर्त्यांना एकच प्रश्न विचारला जातोय. गणपतीत गोल्फ कुठून आणलंत? प्रश्न रास्त आहे. आपल्या बडोद्यात गोल्फ म्हणजे राजवाड्याच्या भिंतीपलीकडचा खेळ. लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात गोल्फचं मैदान आहे हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. पण दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या आपल्या घरांमधून कोणी ती काठी हातात धरल्याचं फारसं ऐकिवात नाही. आपला खेळ क्रिकेट, खो-खो, आखाड्यातला मल्लखांब. तेव्हा आज आम्ही गोल्फ शिकवायला उभे नाही.

विषय निवडण्याचं कारण वेगळं आहे. मंडळाच्या मागच्या सभेत एक मुद्दा निघाला आणि बराच वेळ चालला. करोनाच्या वर्षी आपण सेवा निधी सुरू केला, तो आता वर्गणीत मिसळून टाकायचा की वेगळा ठेवायचा? काही जण म्हणाले, साथ गेली, आता वेगळं खातं कशाला? काही जण म्हणाले, राहू द्या. निर्णय पुढच्या सर्वसाधारण सभेवर ढकलला गेला. त्या निर्णयाला उपयोगी पडेल अशी एक खरी घडलेली गोष्ट आज सांगायची आहे. गोष्ट अमेरिकेतल्या फ्लोरिडाची आहे. आपल्यातल्या कितीतरी घरांतली मुलं तिकडे आहेत, त्यांतल्या काहींनी ती टीव्हीवर पाहिलीही असेल.

मार्च २०२० पासून सुरुवात करू. फ्लोरिडातच ‘प्लेयर्स चॅम्पियनशिप’ नावाची गोल्फची मोठी स्पर्धा चालू होती. १२ मार्चला पहिल्या दिवसाचा खेळ झाला आणि त्याच रात्री स्पर्धा रद्द केल्याचं जाहीर झालं. पुढचे जवळजवळ तीन महिने अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फच्या मुख्य मालिकेची एकही अधिकृत स्पर्धा झाली नाही. ११ जूनला टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला खेळ पुन्हा सुरू झाला, तोही प्रेक्षकांना आत न घेता.

स्पर्धा थांबल्या, खेळाडूंचं बक्षीस बुडालं, एवढंच झालं असं आपल्याला वाटेल. पण तिथल्या व्यवस्थेत एक गोष्ट आहे, ती आपल्या मंडळासारखीच आहे. ‘पीजीए टूर’ म्हणजे या स्पर्धांची मुख्य संघटना. तिच्या बहुतेक स्पर्धा त्या त्या गावातल्या ना-नफा तत्त्वावरच्या संस्था भरवतात. शेकडो स्वयंसेवक फुकट राबतात, तिकिटं विकली जातात, प्रायोजक येतात आणि खर्च जाऊन जे उरतं ते गावातल्या रुग्णालयांना, शाळांना, अनाथ मुलांच्या संस्थांना जातं. असं सगळं मिळून आजवरचं दान ३ अब्ज डॉलरच्या पुढे गेल्याचं २०२० च्या सुरुवातीलाच जाहीर झालं होतं. म्हणजे तिकडची गोल्फ स्पर्धा ही एका अर्थी त्या गावची वार्षिक वर्गणीच.

आता स्पर्धाच रद्द झाली तर काय होईल? तिकीट नाही, जाहिरात नाही, शिल्लक नाही. आणि हे नेमकं कधी? रुग्णालयं भरून वाहत होती, परिचारिकांना अंगावर घालायला संरक्षक पोशाख मिळत नव्हते, तेव्हा. न्यूयॉर्कमधल्या परिचारिकांनी कचऱ्याच्या काळ्या पिशव्या अंगावर चढवल्याची छायाचित्रं जगभर छापून आली होती, ती आपण सर्वांनी पाहिली आहेत. गरज सर्वांत मोठी आणि दानाचा नळ त्याच महिन्यात बंद. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो आपल्या दारात येणार आहे.

या पार्श्वभूमीवर रविवार, १७ मे २०२० रोजी एक सामना झाला. त्याचं नाव ‘टेलरमेड ड्रायव्हिंग रिलीफ’. टेलरमेड ही गोल्फचं साहित्य बनवणारी कंपनी. खेळाडू फक्त चार. एका जोडीत उत्तर आयर्लंडचा रोरी मॅकिलरॉय, जो तेव्हा जगात पहिल्या क्रमांकावर होता, आणि अमेरिकेचा डस्टिन जॉन्सन. दुसऱ्या जोडीत रिकी फाउलर आणि २१ वर्षांचा मॅथ्यू वुल्फ, दोघेही ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. पहिली जोडी खेळली अमेरिकन नर्सेस फाउंडेशनसाठी, म्हणजे परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या धर्मादाय संस्थेसाठी. दुसरी जोडी खेळली सीडीसी फाउंडेशनसाठी. सीडीसी हे तिथलं साथरोगांवर काम करणारं केंद्र सरकारचं खातं आणि त्याला मदत करायला उभी केलेली ही स्वतंत्र संस्था.

खेळाचा प्रकार होता ‘स्किन्स’. तो समजायला सोपा आहे. गोल्फमध्ये अठरा होल असतात, म्हणजे अठरा ठिकाणी चेंडू खळीत घालायचा असतो. स्किन्समध्ये प्रत्येक होलवर एक रक्कम लावलेली असते. कमी फटक्यांत जो चेंडू घालेल त्याच्या बाजूला ती रक्कम जमा. बरोबरी झाली तर रक्कम कोणालाच नाही, ती पुढच्या होलच्या रकमेत मिळवायची. पुन्हा बरोबरी, पुन्हा पुढे. दिवाळीत घरी पत्ते खेळताना मधल्या ताटलीतले पैसे वाढत जातात ना, तसंच. फरक एवढाच की इथे ताटलीतले पैसे खेळणाऱ्यांच्या खिशात जायचे नव्हते.

सामना झाला ते ठिकाण म्हणजे सेमिनोल गोल्फ क्लब, गाव जुनो बीच. आमच्यासारख्या डिप्लोमा करून सरकारी खात्यात जमिनीचे उतार आणि पाण्याचा निचरा बघत वय घालवलेल्या माणसांना या गोष्टीतला हा भाग सगळ्यात आवडतो, म्हणून दोन मिनिटं त्यावर घेतो.

क्लब १९२९ सालचा. न्यूयॉर्कचे शेअर दलाल ई. एफ. हटन यांनी पुढाकार घेऊन तो स्थापन केला. शेअर बाजार कोसळला तेही हेच साल. मैदानाची आखणी डोनाल्ड रॉस यांची. रॉस मूळचे स्कॉटलंडमधल्या डॉर्नोक या समुद्राकाठच्या गावचे. अमेरिकेत येऊन त्यांनी चारशेच्या आसपास मैदानं आखली. सेमिनोलची जागा मिळाली ती चमत्कारिक होती. एका बाजूला अटलांटिक महासागर, किनाऱ्याला समांतर वाळूची दोन टेकाडं आणि त्या टेकाडांच्या मध्ये सखल, पाणथळ जमीन. आपण असतो तर भराव घालून सगळं सपाट करण्याचं एस्टिमेट केलं असतं. रॉस यांनी टेकाडं तशीच ठेवली. सखल भागातलं पाणी काढायला चर आणि तळी खणली, तीच खेळातले अडथळे म्हणून वापरली आणि होल असे फिरवले की खेळणारा पुन्हा पुन्हा टेकाडावर चढतो, उतरतो. त्यामुळे वारा कधी समोरून, कधी पाठीमागून, कधी बगलेतून. शेवटच्या हिरवळी उंचवट्यावर, कडा उतरत्या. चेंडू दोन हात चुकला की घरंगळत खाली. सामन्याच्या दिवशीही वारा होता आणि जगातल्या नामांकित खेळाडूंचे चेंडू हिरवळीवरून घरंगळताना लोकांनी पाहिले. बेन होगन हे मागच्या पिढीतले महान खेळाडू हिवाळ्यात इथे येऊन आठवडेच्या आठवडे सराव करत, असा या मैदानाचा लौकिक.

पण ही कीर्ती सगळी ऐकीव होती. कारण क्लब खासगी, सभासद मोजके, बाहेरच्याला प्रवेश नाही. इतक्या वर्षांत तिथला एकही सामना टीव्हीवर थेट दाखवला गेला नव्हता. जवळजवळ नव्वद वर्षं बंद असलेलं हे फाटक पहिल्यांदा कॅमेऱ्यासाठी उघडलं ते १७ मे २०२० ला. आणि तेही प्रेक्षकांसाठी नाही, कारण प्रेक्षक नव्हतेच. माणसं बाहेर आणि कॅमेरा आत, अशी ती उलटी परिस्थिती. जागा सोयीचीही होती. बहुतेक खेळाडू त्याच भागात राहतात, त्यामुळे विमानप्रवास नको, हॉटेल नको, घरून गाडीने यायचं, खेळायचं, परत जायचं. गेटवर रखवालदार, आत मोजकी माणसं. अंतर राखायला याहून बरी जागा मिळणार नव्हती.

प्रत्यक्ष सामन्यातही नेहमीचा थाट नव्हता. गोल्फमध्ये खेळाडूची जड पिशवी उचलून चालणारा, सल्ला देणारा एक सहायक असतो, त्याला कॅडी म्हणतात. त्या दिवशी कॅडी नव्हते. करोडपती खेळाडू आपापली पिशवी खांद्यावर टाकून, हाफ पँटीत, टेकाडं चढत होते. पीजीए टूरच्या अधिकृत स्पर्धेत तेव्हा हाफ पँट चालत नसे. टाळ्या नाहीत, आरोळ्या नाहीत. खेळाडूंच्या अंगावर माइक लावलेले, त्यामुळे त्यांची आपसातली थट्टा घरबसल्या ऐकू येत होती. मुख्य निवेदक माइक टिरिको मैदानापासून शेकडो मैल दूर, मिशिगनमधल्या आपल्या घरून बोलत होते. तेव्हा आपल्या मुलांच्या शाळाही घरूनच चालल्या होत्या, त्यामुळे यात आज नवल वाटत नाही. त्या वेळी ते नवीन होतं.

शेवट रंगला. शेवटच्या सहा होलवर कोणीच निर्णायक जिंकेना. बरोबरी, पुन्हा बरोबरी, आणि ताटलीतली रक्कम साठत साठत ११ लाख डॉलरवर गेली. अठरा होल संपले तरी ती पडूनच. मग सगळे सतराव्या होलवर परत गेले. तिथे सुमारे १२० यार्डांवरून एक फटका मारायचा, ज्याचा चेंडू झेंड्याच्या सर्वांत जवळ त्याची रक्कम, असं ठरलं. मॅकिलरॉयचा चेंडू सर्वांत जवळ थांबला. ११ लाख डॉलर परिचारिकांच्या खात्यात गेले.

आता हिशेब. आम्ही कचेरीतली माणसं, आम्हाला रक्कम सांगितली की पहिला प्रश्न सुचतो, कुठल्या हेडखाली? तर तो असा. स्किन्सची मूळ रक्कम ३० लाख डॉलर, ती दिली युनायटेडहेल्थ ग्रुप या आरोग्य विमा कंपनीने. त्यातले १८ लाख ५० हजार मॅकिलरॉय आणि जॉन्सन जोडीने मिळवले, म्हणजे नर्सेस फाउंडेशनचे. उरलेले ११ लाख ५० हजार फाउलर आणि वुल्फ जोडीचे, म्हणजे सीडीसी फाउंडेशनचे. त्याशिवाय होलच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक किंवा दोन फटके कमी लागले, म्हणजे बर्डी किंवा ईगल झाली, की फार्मर्स इन्शुरन्स ही दुसरी विमा कंपनी वेगळी रक्कम देणार होती. ती जाणार होती ‘ऑफ देअर प्लेट’ या नुकत्याच सुरू झालेल्या उपक्रमाला. हा उपक्रम बंद पडलेल्या उपाहारगृहांना पैसे द्यायचा, तिथले बेकार झालेले स्वयंपाकी जेवण बनवायचे आणि ते जेवण रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना जायचं. एकाच रुपयात दोन घरं. आणि घरी बसून पाहणारे प्रेक्षकही फोनवरून पैसे पाठवू शकत होते. सगळं मिळून आकडा ५५ लाख डॉलरच्या वर गेला. त्या वेळच्या दराने ४० कोटी रुपयांहून जास्त.

एक आठवड्याने, २४ मे ला, तिथून जवळच होब साउंड गावच्या मेडलिस्ट गोल्फ क्लबवर दुसरा सामना झाला. टायगर वुड्स आणि फिल मिकलसन हे गोल्फमधले दोन दिग्गज आणि त्यांच्या जोडीला पेटन मॅनिंग आणि टॉम ब्रेडी हे अमेरिकन फुटबॉलचे दोन दिग्गज. भर पावसात वुड्स आणि मॅनिंग जोडी जिंकली आणि मदतीचा आकडा २ कोटी डॉलरवर गेला. तेव्हा केबल टीव्हीवर सर्वाधिक पाहिला गेलेला गोल्फ कार्यक्रम तो ठरला. नावं मोठी म्हणून आकडा मोठा. पण वाट आधी सेमिनोलने पाडली होती.

यावर आक्षेपही आहेत आणि ते इथे मांडले पाहिजेत. नाहीतर हे भाषण म्हणजे श्रीमंतांच्या दानाची आरती होईल.

पहिला आक्षेप असा की खेळाडूंनी स्वतःच्या खिशातून दिलं काय? मुख्य रक्कम कंपन्यांची. कंपन्यांना नाव मिळालं, खेळसाहित्य बनवणाऱ्याला जाहिरात मिळाली, वाहिनीला दोन महिन्यांच्या उपासानंतर थेट खेळ मिळाला. दुसरा आक्षेप त्याहून कडक आहे. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात परिचारिकांच्या मदतीसाठी गोल्फचे चेंडू किती जवळ पडतात ते मोजायची वेळ यावी का? मास्क, पोशाख, औषध हे सरकारचं आणि रुग्णालयांचं काम. चेंडू झेंड्यापासून लांब पडला असता तर ते ११ लाख दुसऱ्या संस्थेला गेले असते. हे दान की नशीब?

दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. सरकारी नोकरीत असल्यामुळे दुसरा तर आम्हाला जास्त पटतो. जे काम सरकारने करायचं ते दानावर सोडू नये, असं आम्ही इतरांना सांगतोच. पण त्याच मे महिन्यात एखाद्या वॉर्डात दोन पाळ्या सलग करणाऱ्या बाईला आज संध्याकाळी गरम जेवण मिळालं की नाही, हा प्रश्न धोरण बदलेपर्यंत थांबत नाही. सरकारी मंजुरीला किती सह्या लागतात हे आमच्याइतकं कोणाला माहीत? दान हे सरकारच्या जागी बसू शकत नाही. मधल्या काळात हात देऊ शकतं. आणि या सामन्यात एक गोष्ट त्यांनी चोख केली. पैसा कोणाचा, कुठल्या संस्थेला, कशासाठी, हे पहिला चेंडू मारण्याआधी जाहीर होतं. खेळ संपला तेव्हा प्रत्येक संस्थेच्या नावापुढे आकडा पडद्यावर होता. उत्सव आधी आणि शिल्लक उरली तर दान, हा क्रम त्यांनी उलटा केला. दान आधी ठरवलं आणि त्याच्यासाठी जेवढा जमेल तेवढाच उत्सव केला.

हे करायला अटलांटिकचा किनारा आणि विमा कंपनी लागते असंही नाही. आपल्याकडचं उदाहरण घ्या. ग्रेटर नोएडाचा अर्जुन भाटी हा ज्युनिअर गोल्फपटू तेव्हा पंधरा वर्षांचा होता. एप्रिल २०२० मध्ये त्याने आठ वर्षांत जिंकलेले आपले १०२ करंडक देऊन टाकले. नातेवाइकांनी, ओळखीच्यांनी ते घेतले आणि त्यातून जमलेले ४ लाख ३० हजार रुपये त्याने पीएम केअर्स निधीला दिले. सेमिनोलच्या एका होलच्या रकमेपुढेही हा आकडा लहान आहे. पण हे त्याच्या स्वतःच्या कपाटातलं होतं. आपल्या घरातल्या मुलांना करंडक द्यायला सांगून बघा, मग त्याची किंमत कळेल.

आणि आपल्या बाप्पाच्या घरचं उदाहरण तर सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबईत लालबागच्या राजाच्या मंडळाने २०२० साली मूर्तीच बसवली नाही. त्याऐवजी ‘आरोग्योत्सव’ केला, रक्तदान आणि प्लाझ्मादानाची शिबिरं भरवली. ज्या मंडळासमोर दर्शनाला लाखोंची रांग लागते, त्याने रांगच नको असं ठरवणं सोपं नव्हतं. कित्येकांना ते रुचलंही नसेल. महाराष्ट्रात त्या वर्षी सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची आणि घरच्या मूर्तीला दोन फुटांची मर्यादा होती. आपल्याकडे गुजरातेत तर सार्वजनिक मंडप आणि मिरवणुका बंदच होत्या.

आता आपल्या दारात येऊ. मगाशी लक्षात ठेवा म्हटलं होतं ते हेच.

आपल्या मंडळाची व्यवस्था आणि त्या गोल्फ स्पर्धांची व्यवस्था एकाच वळणाची आहे. श्रावणात पावतीपुस्तकं निघतात, कार्यकर्ते घरोघर जातात, स्मरणिकेला जाहिराती मिळतात. त्यातून मूर्ती, मंडप, रोषणाई, नाटक, महाप्रसाद. हे सगळं झाल्यावर जे उरेल त्यातून वह्यावाटप, एखाद्या गरजू कुटुंबाला औषधं, एखाद्या विद्यार्थ्याची फी. म्हणजे आपलं सेवाकार्य हे उत्सवाच्या शिलकीवर जगतं. चांगल्या वर्षी शिल्लक बरी, पाऊस पडून कार्यक्रम वाया गेले की शिल्लक कमी.

२०२० ला काय झालं ते आठवा. मंडप नाही म्हणून वर्गणी मागायला जायचं तरी कसं? जाहिरात देणाऱ्यांची दुकानंच बंद. आणि त्याच वर्षी आपल्याच गल्लीत घरात अडकलेल्या वृद्ध जोडप्यांना डबा हवा होता, कोणाला ऑक्सिजनचं सिलिंडर हवं होतं, कोणाची नोकरी गेली होती. गरज सगळ्यात मोठी आणि पावतीपुस्तक कपाटात. तेव्हा काही तरुण मुलांनी आणि आपल्या महिला मंडळाने घरोघर फोन करून, मंडप नसला तरी वर्गणी द्या, असं सांगितलं आणि सेवा निधी म्हणून वेगळं खातं उघडलं. लोकांनी दिली. ज्यांनी कधी मंडपात पाऊल टाकलं नव्हतं अशांनीही दिली. परदेशातल्या मुलांनी पाठवली. मूर्ती त्या वर्षी एका सभासदाच्या घरी बसली आणि आरती मोबाइलवर झाली, तरी डबे वेळेवर गेले. प्रेक्षकांविना त्यांचा सामना झाला, मंडपाविना आपली वर्गणी झाली.

मग आता त्या खात्याचं काय? साथ संपली म्हणून ते वर्गणीत मिसळायचं, असं म्हणणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. दोन खाती म्हणजे दोन हिशेब, दोन ऑडिट, चॅरिटी कमिशनरच्या कचेरीत दुप्पट कागद. हे काम कोण करणार हा प्रश्न खरा आहे. पण मिसळलं की काय होतं हे आम्ही कचेरीत रोज बघतो. एका हेडचा पैसा दुसऱ्या हेडमध्ये गेला की तो परत येत नाही. मार्चअखेर आली की जे काम डोळ्यांना दिसतं त्याला पैसा मिळतो. मंडपाची कमान दिसते. दहा घरांत गेलेली औषधं दिसत नाहीत. एक-दोन वर्षं सांभाळतील, तिसऱ्या वर्षी रोषणाई थोडी वाढेल आणि सेवा निधी नावापुरता उरेल. पुढचं संकट येईल, साथीचं असो, विश्वामित्रीच्या पुराचं असो, तेव्हा आपण पुन्हा रिकाम्या कपाटापासून सुरुवात करू. पूर कसा येतो हे बडोदेकरांना वेगळं सांगायला नको.

म्हणून आम्हा काही कार्यकर्त्यांची सूचना अशी आहे. ती आज इथे मांडतो, निर्णय सभेनेच करायचा आहे.

एक, सेवा निधीचं खातं वेगळंच राहावं. वर्गणीच्या पावतीवर दोन ओळी छापाव्यात, उत्सवासाठी इतके आणि सेवा निधीसाठी इतके. देणाऱ्याने स्वतःच्या हाताने आकडा भरावा. कोणाला फक्त उत्सवाला द्यायचं असेल तर तसं द्यावं, त्यात कमीपणा नाही.

दोन, एकूण वर्गणीतला ठरावीक हिस्सा, सभा ठरवेल तो, मूर्तीची ऑर्डर देण्याआधीच सेवा निधीत जमा व्हावा. शिल्लक उरली तर, हा शब्दच काढून टाकावा.

तीन, निधी कशासाठी हे गणेश चतुर्थीच्या आधी ठरावं आणि मंडपाच्या दाराशी फळ्यावर लिहावं. या वर्षी डायलिसिसचे रुग्ण, पुढच्या वर्षी शाळा सुटण्याच्या बेतात असलेली मुलं, असं काहीही. पण ठरलेलं असावं.

चार, अनंत चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळच्या आरतीनंतर त्या निधीची जमा आणि खर्च मोठ्याने वाचून दाखवावी. ज्यांना मदत झाली त्यांची नावं वाचायची नाहीत, फक्त आकडे. मदत घेणारा उद्या आपल्याच शेजारी आरतीला उभा असतो, त्याची मान खाली जाता कामा नये.

महिला मंडळाने आणखी एक सूचना केली आहे, ती आम्हाला फार पटली. महाप्रसादाचं काम दरवर्षी बाहेरच्या कंत्राटदाराला देतो, त्यातला काही भाग आपल्याच भागातल्या गरजू घरांतल्या स्वयंपाक करणाऱ्या बायकांना द्यावा. त्यांना मजुरी मिळेल, आपल्याला प्रसाद मिळेल. फ्लोरिडातल्या त्या सामन्यातून बंद उपाहारगृहांच्या स्वयंपाक्यांना काम मिळालं, त्याच जातीचं हे काम आहे. आणि ते आपल्या बायकांना त्या सामन्याबद्दल काही न ऐकताच सुचलं होतं.

कोणी म्हणेल, इतके नियम केले तर उत्सवाची मजा जाईल. जाणार नाही. सेमिनोलला गर्दी नव्हती, ढोल नव्हता, तरी शेवटच्या सहा होलवर लोक टीव्हीपुढून हलले नाहीत. कारण चेंडू कुठे थांबतो यावर कोणाचं तरी काहीतरी ठरणार होतं. आपल्या आरतीतही लोक थांबतील, त्यांना माहीत असलं की यंदाच्या ताटातलं काय कुठे चाललंय. नाटक होऊ द्या, मुलांची नृत्यं होऊ द्या, ढोल-ताशा वाजू द्या. वर्षातून दहा दिवस आपण मराठी म्हणून एकत्र येतो, तो आनंद कमी करायला कोणी सांगत नाही. दहा दिवसांच्या त्या आनंदाने बाकीच्या तीनशे पंचावन्न दिवसांची थोडी जबाबदारी उचलावी, एवढंच मागणं आहे.

सेमिनोल क्लबचं फाटक त्यानंतर आणखी एकदा कॅमेऱ्यासाठी उघडलं. मे २०२१ मध्ये तिथे वॉकर कपचा सामना झाला, हौशी खेळाडूंचा, अमेरिका विरुद्ध ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंड. एकदा उघडलेलं फाटक पुन्हा उघडायला तेवढं जड जात नाही. आपणही २०२० ला एक फाटक उघडलं होतं. ते बंद करायचं की नाही, हे पुढच्या सर्वसाधारण सभेत ठरायचं आहे. सभेची तारीख मंडपाच्या फळ्यावर लिहिली आहे. दरवर्षी सभेला खुर्च्या रिकाम्या असतात आणि महाप्रसादाला पंगत दोनदा बसवावी लागते. या वर्षी सभेलाही पंगतीइतकेच या.

 आता आरतीची वेळ झाली आहे.

गणपती बाप्पा मोरया!